गणराज सरांचे बिनखिळ्याचे पाट

काटकोन म्हणजे काय हे आपल्या आळीत फक्त आपल्यालाच कळतं, असं गणराज सरांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवूनही ठेवलं नव्हतं. रेवदंड्याच्या शाळेत आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस. कुणाच्या लग्नात पानं मांडली की सर उठून पानांची ओळ सरळ करून यायचे आणि मगच जेवायला बसायचे. स्वतःच्या घराच्या भिंती नव्वद अंशांत नाहीत हे दुःख त्यांना लहानपणापासून होतं, पण घर आजोबांनी बांधलेलं असल्यामुळे गुण कापता येत नव्हते.

तर अशा या सरांच्या घरच्या गणपतीच्या पाटाला वाळवी लागली. आमच्या या पट्टीत गणपतीचा पाट म्हणजे नुसता पाट नव्हे. श्रावणाच्या आधी घरी त्याची पूजा करायची, वर सुपारी-अक्षता ठेवायच्या आणि तो मूर्तीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. देवाला आपल्या घरचं आवतण त्या पाटावरून जातं. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसून घरी येते.

"बाजारातनं एक पाट घेऊन या," विनिताबाई म्हणाल्या.

"खिळे मारलेला?" सरांनी विचारलं. चोरीचा माल आणा म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

कारण सरांच्या मोबाइलवर गेले काही महिने एक परदेशी दाढीवाला रोज सुतारकाम करत होता. निवृत्तीनंतर मुलीने, म्हणजे सईने, पनवेलहून लाकडात खाच पाडायचं विजेचं यंत्र पाठवलं होतं. आईने तिला फोनवर 'बाबांना काहीतरी गुंतवणारं पाठव' असं सांगितलं होतं आणि त्याचा आईला पुढे बराच पश्चात्ताप झाला. तो दाढीवाला कुठलंही काम हाताच्या भरवशावर करत नसे. आधी प्लायवूडचा एक साचा करायचा. दोन सरळ पट्ट्या, मधे यंत्र जाईल एवढीच जागा, शेवटाला अडसर. लाकूड साच्यात आवळायचं आणि यंत्र ढकलायचं. हात थरथरो, शिंक येवो, खाच जिथे हवी तिथेच. पाटाच्या पोटात अशी खाच पाडायची की तोंड अरुंद आणि आत रुंद. त्याच आकाराची पट्टी बाजूने आत सरकवायची, तोच पाटाचा पाय. खिळा नाही, सरस नाही, आणि पट्टी ओढून निघत नाही. सरांनी हे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. भूमितीचा असा गौरव त्यांनी शाळेतही पाहिला नव्हता.

"आणि साचाच चुकला तर?" विनिताबाईंनी विचारलं.

"तर सगळे पाट सारखेच चुकतील," सर म्हणाले. "साच्याचा गुणच तो. सगळं एकसारखं." हे वाक्य आपल्याला पुढे फार महागात पडणार आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

लाकडाचा प्रश्न नव्हता. मागच्या मोठ्या वादळात वाडीतला आजोबांच्या हातचा फणस आडवा झाला होता, त्याचा ओंडका पावसाचं पाणी लागणार नाही असा वाडीतल्या खोपटात, मांगरात, ठेवलेला होता. फक्त तो चिरून आणायचा. पण लाकडाच्या गिरणीवाल्याने दाखला मागितला आणि दाखला देणाऱ्या कारकुनाने पंचनामा मागितला.

"झाड पडलं तेव्हाच पंचनामा करायला हवा होता, सर."

"तेव्हा तुम्हीच म्हणालात, आधी पत्रे उडालेल्यांचं बघू, झाडांचं नंतर."

"बरोबर आहे. मग आता झाड कुठे उभं होतं ते दाखवा."

सरांनी त्याला वाडीत नेऊन खड्डा दाखवला. खड्ड्यात आता केळ उभी होती, तिला घड लागला होता.

"इथं तर केळ हाय," कारकून म्हणाला आणि त्याने तसं लिहूनही घेतलं. केळीच्या बुंध्यातून पाट निघत नाही हे पटवून द्यायला सरांना आणखी दोन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला सातबारा निघाला आणि खरी अडचण पुढे आली. फणस होता ती वाडी सरांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या, अनंताच्या, सामायिक नावावर होती. म्हणजे अनंताची सही.

सर आणि अनंता यांचं बोलणं बंद नव्हतं. बोलणं कुंपणावरून रोज चालू होतं. बंद होतं ते एकमेकांच्या दारात जाणं. कारण एक माड. तो उभा होता अनंताच्या हद्दीत आणि वाकला होता सरांच्या अंगणात. बुडखा त्याचा, शेंडा यांचा. सरांनी एकदा कोनमापक घेऊन माडाचा कल मोजला आणि नारळांची न्याय्य वाटणी कागदावर मांडून अनंताला दाखवली. अनंताने तो कागद तिथेच चुलीत घातला. त्यानंतर आळीची आरती घरोघर फिरत अनंताच्या दारात पोचली की सरांची नेमकी चप्पल हरवायची, आणि सरांच्या दारात आली की अनंताला वाडीतला पंप बंद करायची आठवण व्हायची.

सर कुंपणापाशी कागद घेऊन उभे राहिले. अनंताने सही केली, पण पेन परत दिलं नाही.

"फणस आजोबांचा. अर्धा माझा हाय. त्यातनं एक पाट मला पायजे," तो म्हणाला. "पण गण्या, मला मेल्या खिळे मारूनच दे. तुझ्या त्या बिनखिळ्याच्या पाटावरनं माझा देव खाली यायचा."

त्या दिवसापासून सरांच्या डोक्यातून स्वतःचा पाट गेला. अनंताच्या तोंडून 'बरा झालाय' एवढे दोन शब्द बाहेर काढायचे, हे एकच काम आता शिल्लक राहिलं. शाळेने दिलेली शाल, तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार, हे सगळं त्या दोन शब्दांपुढे त्यांना किरकोळ वाटू लागलं.

पहिला साचा सरांनी घरातल्या लादीची रेघ धरून केला. लादी आजोबांच्या भिंतीला धरून बसवलेली, त्यामुळे साचा आजोबांवर गेला. दुसऱ्या साच्याची एक पट्टी सरकली. तिसऱ्या वेळी पट्ट्या समांतर राहाव्यात म्हणून सरांनी साचा करण्यासाठी एक साचा केला. "पाटाला साचा, साच्याला साचा," विनिताबाई म्हणाल्या, "आता त्या साच्याला एक साचा करा, म्हणजे दिवाळीपर्यंत आटपेल." सरावासाठी सरांना एक फळी हवी होती आणि घरात सगळ्यांत सपाट वस्तू पोळपाट होती. पुढचा महिनाभर त्या घरात पोळ्या किंचित लंबवर्तुळाकार झाल्या. सरांनी त्याबद्दल तक्रार केली नाही; लंबवर्तुळ हाही एक आकारच आहे.

यंत्र सुरू झालं की आळीची वीज जायची. भुसा उडून शेजारच्या आनंदीकाकूंनी वाळत घातलेल्या कैरीच्या आंबोशीवर बसायचा. आनंदीकाकू आळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या, आवाज मात्र सगळ्यांत तरुण. "गणराजा, यंदा माझ्या आंबोशीच्या आमटीला फणसाचा वास येतोय रे," असं त्यांनी भर रस्त्यात जाहीर केलं. भाऊ रिक्षावाले अलिबागची फेरी मारून आले की रिक्षा सरांच्या दारात उभी करायचे, थोडा वेळ साच्याकडे बघायचे आणि दर वेळी तोच सल्ला द्यायचे. "सर, दोन खिळे मारा नि मोकळे व्हा. देवाच्या खाली कोण वाकून बघतंय?"

"मी बघतो," सर म्हणायचे.

आणि एका दुपारी ते जमलं. साचा आवळला, यंत्र सरळ गेलं, पट्टी खाचेत सरकली, अर्ध्यावर अडकली, हातोडीच्या लाकडी दांड्याने दोन ठोके दिले आणि ती आत जाऊन बसली ती बसलीच. सरांनी पाट उलटा धरला, हलवला, त्यावर स्वतः उभे राहिले, मग विनिताबाईंना उभं केलं. विनिताबाईंनी खाली उतरून पाटाच्या कडेवरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. सर त्या दुपारी पाट मांडीवर घेऊन ओटीवर बसून राहिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवून सांधा दाखवू लागले. पोस्टमनने दोनदा पाहिला.

मग काय, आळीत मागणी सुरू झाली. आळी म्हणजे सगळे भाऊबंदच. प्रत्येकाचा पाट कुठे ना कुठे मोडका होताच. कुणाचा कोपरा तुटलेला, कुणाच्या पाटाला लोखंडी पट्टी, कुणाचा दरवर्षी ऑइलपेंट देऊन देऊन ढोलासारखा फुगलेला. सरांनी सगळ्यांना शब्द दिला. सहा पाट झाले. साच्यातून निघालेले, लांबीला, रुंदीला, जाडीला तंतोतंत एक. फक्त आनंदीकाकूंनी नकार दिला. "माझा तुटक्या कोपऱ्याचाच बरा. तो मला ओळखतो, मी त्याला."

सर मनातल्या मनात हसले. पुढे हे हसू परत द्यायची वेळ आली.

आता एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. साचा सगळ्यांना सारखा असला तरी लाकूड नव्हतं. एक फळी निघाली होती सोन्यासारखी, रेषा अशा सरळ की पट्टीने ओढलेल्या. ती सरांनी स्वतःला ठेवली. आणि एका फळीच्या कडेला होती एक काळी गाठ, डोळ्याएवढी. ती कुणाच्या पाटाला गेली हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच. गाठ मागच्या बाजूला जाईल एवढी काळजी सरांनी घेतली होती. 'शेवटी भाऊच आहे,' असं ते त्या वेळी स्वतःशी म्हणालेही होते.

पाट हातात घेऊन अनंताने तो उलटासुलटा केला, सांध्यावरून अंगठा फिरवला. 

"बघू," अनंता म्हणाला. "खाऱ्या पाण्यात जाऊन आला की सांगतो." आणि पाट काखेत मारून निघून गेला.

पाट पुजून झाले आणि भाऊंच्या रिक्षातून मूर्तिकार बाबाजीच्या कारखान्यात पोचले. बाबाजीने ब्रश उचलला आणि डब्यात बुडवला.

"काय करता?" सर ओरडले.

"नाव घालतो ना सर."

"या पाटावर रंग? अहो, चार हात लाखेचं पॉलिश आहे! खडूने लिहा."

"सर, मी कधी नावं वाचत न्हाय. मी पाट वळखतो. तुटक्या कोपऱ्याचा काकूंचा, लोखंडी पट्टीचा त्यांच्या शेजारच्यांचा असायचा. हे तुमचे समदे एकाच आईचे दिसतात."

"तेच तर!" सर अभिमानाने म्हणाले.

बाबाजीने खडूने नावं घातली. त्या पॉलिशवर खडू पावसाळी हवेत किती टिकतो, याचा विचार भूमितीत येत नाही.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सगळी आळी टोप्या घालून, झांजा घेऊन कारखान्यात हजर झाली. आनंदीकाकूंनी लांबूनच बोट दाखवलं. "तो माझा." तुटक्या कोपऱ्याच्या पाटावर बसलेला त्यांचा गणपती त्यांच्या नातसुनेच्या हातात गेलाही. बाकीचे सहा मात्र ओळीने बसले होते. आळीच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांची मूर्ती एकच: तीच उंची, तीच बैठक, शेंदरी अंग, पिवळा पितांबर. आणि खाली सरांचे सहा पाट. नावाचा मागमूस नव्हता.

झांजावाले झांजा काखेत मारून पाट निरखू लागले.

"कुठलाही घ्या की," भाऊ म्हणाले. "देव एकच."

"वा! असं कसं?" एक वहिनी उसळल्या. "आम्ही पुजून, आवतण देऊन पाठवलेला पाट. दुसऱ्याच्या घरचा पाहुणा आमच्याकडे कसा येईल?" यावर सगळे एकदम बोलू लागले. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका, कुणी म्हणालं गुरुजींना फोन लावा. गुरुजींचा फोन लागत नव्हता. त्या संध्याकाळी कुठल्याच गुरुजींचा लागत नाही.

"आधी दोन खिळे मारले असते," भाऊ म्हणाले, "तर खिळ्यांवरनं वळखला असता."

"एकसारखेच करायचे होते ना तुला?" मागून आनंदीकाकूंचा आवाज आला. "घे आता!"

सरांचे कान तापले. नोकरीत एकदा शिक्षणाधिकाऱ्यांसमोर त्यांचं प्रमेय अर्ध्यावर अडलं होतं, त्यानंतर एवढी मान खाली गेली नव्हती. पण दुसऱ्याच क्षणी त्यांना आठवलं की हे पाट आपण केले आहेत. त्यांनी ओलं फडकं मागितलं, खाली बसले आणि पाटांच्या कडांवरचा रंग आणि माती पुसायला सुरुवात केली. खालून लाकडाच्या रेषा वर येऊ लागल्या.

"ही बुंध्याकडची फळी, रेषा जवळजवळ. वहिनी, हा तुमचा. ही आडव्या फांदीची, इथे रंग गडद होतो. भाऊ, तुमचा. हा... हा पलीकडच्या घरचा."  एकेक मूर्ती उठत होती, झांजा पुन्हा वाजत होत्या. पाट पाठ असलेला माणूस आळीने पहिल्यांदाच पाहिला. सरांची मान वर येऊ लागली, छाती भरली, आवाजात वर्गातली धार आली.

शेवटी दोन राहिले. सरांनी एक पुसला. सोन्यासारख्या सरळ रेषा. दुसरा पुसला आणि फडकं हातातच राहिलं. मूर्ती घडवताना बाबाजीने नेमकी गाठीची बाजू पुढे घेतली होती. काळीभोर गाठ सरांकडे टक लावून बघत होती. समोर अनंता, टोपी नीट करत.

"गाठीचा कुणाचा रे, गण्या?" त्याने विचारलं.

सगळी आळी ऐकत होती. 'तुझा' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, 'मलाच का?' 

"माझा," ते म्हणाले. "हा सरळ रेषांचा तुझा."

अनंताने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मूर्ती उचलली आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी, पूजा होऊन मखरात मूर्ती बसल्यावर, सरांना आपण काय केलं ते नीट कळलं. आपण आवतण दिलेला देव अनंताच्या घरी बसला होता, आणि अनंताचा पाहुणा इथे आपल्या मोदकांची वाट बघत होता. प्राणप्रतिष्ठा झाली होती, आता मूर्ती हलवता येत नव्हती. आयुष्यभर उत्तरं पडताळून पाहिलेल्या माणसाला हे सहन होईना. संध्याकाळी ते शर्ट घालून निघाले.

"कुठे?" विनिताबाई.

"अनंताकडे. दमट हवेत सांधा फुगतो, बघून येतो."

विनिताबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. सरांनी अनंताचा उंबरा ओलांडला, तिथली आरती पहिल्या ओळीपासून शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत म्हटली, आणि देवापुढे वाकून सांधा बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी पाट मांडून ठेवलेला होता.

गंमत म्हणजे रोज सकाळी अनंताही सरांकडे येऊ लागला. जास्वंदीची परडी घेऊन यायचा, देवाला फुलं वाहायचा, पाटाच्या कडेकडे बारीक नजरेने बघायचा, विनिताबाईंच्या हातचा चहा घ्यायचा आणि जायचा. सांध्यात फट शोधायला येतोय, अशी सरांची खात्री होती. त्यांनी मनात ठरवलं, बघ म्हणावं. हवं तेवढं बघ.

गौरीबरोबर आळीचे गणपती निघाले. समुद्राला नुकती भरती लागली होती. आरत्या झाल्या, 'पुढच्या वर्षी लवकर या'चा गजर झाला, माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सरांनी हातातला पाट हळूच कलता केला. शेंदरी रंग पाण्यात विरघळत गेला, आणि सरांना एकदम भरून आलं. पाहुणा दुसऱ्याचा असला तरी इतके दिवस त्यानेच त्यांच्या घरचं खाल्लं होतं. तेवढ्यात लाट आली आणि त्यांच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या अनंताच्या हातातले दोन्ही पाट सुटले, एकमेकांवर आपटत किनाऱ्याच्या दिशेने गेले.

सर धावत बाहेर आले तोवर अनंताने दोन्ही पाट वाळूत उलटे टाकले होते आणि तो उकिडवा बसून बघत होता. त्याने एकेक पट्टी धरून ओढली. हलली नाही. टाच लावून ओढली. मग भिजलेल्या सांध्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"गाठीचा माझा ना?" त्याने वर न बघता विचारलं.

सर गाठीवरची वाळू पुसू लागले.

"अरे, पाट पुजला तेव्हा अक्षता त्या गाठीवरच ठेवल्या होत्या मी. मला काय दिसत न्हाय?"

"मग कारखान्यात बोलला का नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं असतंस तर तूही गप राहिला असतास. आणि म्हटलं, हा गण्या नियमाचा माणूस. आता याला रोज माझ्या दारात यावंच लागणार."

"आणि तू रोज सकाळी..."

"माझा देव तुझ्याकडे. फुलं कोण वाहणार, तू? तू फुलं समांतर लावतोस!"

सर हसू लागले, मग अनंताही हसू लागला. भाऊ विचारायला आले, काय झालं, तर दोघांनाही सांगता येईना.

रिवाजाप्रमाणे पाटावर ओली वाळू घेऊन घरी परतायची वेळ झाली तेव्हा सर म्हणाले, "आण, तुझा तू घे, माझा मला दे."

"न्हाय," अनंताने सरळ रेषांचा पाट छातीशी धरला. "हा आता माझ्याकडेच राहील. पुढच्या वर्षीही असाच. आरतीला यायला तुला काय तरी कारण नको?" तो दोन पावलं गेला आणि पुन्हा वळला. "गण्या, त्या माडाखाली बसायला एक बाकडं करशील काय? बिनखिळ्याचं. पाट बरा झालाय."

 सरांनी गाठीच्या पाटावर वाळू घेतली, तो दोन्ही हातांनी समोर धरला, गाठ पुढे, सांधा सगळ्यांना दिसेल असा, आणि आळीतून सगळ्यांत लांबच्या रस्त्याने घरी आले.